जगभरातील टपाल तिकिटे : संग्रहाचे आकर्षण आणि तिकीट वाचण्याची रीत

टपाल तिकीट ही मुळात एक पावती आहे. पत्र पोहोचवण्याचे पैसे आधीच भरले आहेत, एवढेच ती सांगते. बसचे तिकीट आपण उतरल्यावर टाकून देतो. विजेच्या बिलाची पावती वर्षभर ठेवतो आणि मग रद्दीत घालतो. या एकाच पावतीसाठी मात्र जगभरात अल्बम, कॅटलॉग, प्रदर्शने, लिलाव आणि संग्रहालये उभी राहिली. असे का झाले असावे?

तिकिटे रंगीत आणि सुंदर असतात, हे नेहमीचे उत्तर आहे. ते खोटे नाही, पण तेवढ्याने भागत नाही. सुंदर चित्रे कॅलेंडरवरही असतात आणि ती तिकिटापेक्षा कितीतरी मोठी असतात. खरे आकर्षण दुसरीकडे आहे. वापरलेल्या प्रत्येक तिकिटावर दोन आवाज असतात. छापलेले चित्र हा सरकारचा आवाज : आमचा देश असा आहे, आमची माणसे ही, आमची सीमा येथवर. त्यावर उमटलेला शिक्का हा टपाल खात्याचा आवाज : हे पत्र अमुक गावातून, अमुक दिवशी खरोखर निघाले. पहिला आवाज देशाला स्वतःला कसे दाखवायचे होते ते सांगतो, दुसरा काय घडले ते सांगतो. हे दोन आवाज कधी जुळतात, कधी एकमेकांना खोटे पाडतात. संग्राहक हळूहळू दोन्ही ऐकायला शिकतो, आणि एकदा ती सवय लागली की छंद सहसा सुटत नाही. या पाठात आपण ही दोन आवाज ऐकण्याची रीत काही खऱ्या उदाहरणांतून पाहू.

पावतीचा जन्म

१८४० पूर्वी ब्रिटनमध्ये पत्राचे पैसे बहुधा पत्र घेणाऱ्याला द्यावे लागत. आकार अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरे. त्यामुळे लोक पाकिटाच्या बाहेरच काही खूण करून ठेवत. घेणारा ती खूण पाही, निरोप समजून घेई आणि पत्र नाकारी. टपाल खात्याने ओझे वाहिले, मिळाले मात्र काहीच नाही. रोलंड हिल यांनी १८३७ मध्ये टपाल सुधारणेवर एक पुस्तिका लिहिली आणि उपाय सुचवला : देशात कुठेही पत्र पाठवा, दर एकच, आणि पैसे पाठवणाऱ्याने आधी भरायचे. त्यातून १ मे १८४० रोजी ‘पेनी ब्लॅक’ हे जगातील पहिले चिकटवायचे टपाल तिकीट विक्रीस आले आणि ६ मेपासून ते अधिकृतपणे वापरात आले.

या पहिल्याच तिकिटात शिक्क्याचे महत्त्व दिसून आले. तिकीट काळे होते आणि त्यावर लाल शाईचा शिक्का मारत. लाल शाई पुसून तेच तिकीट पुन्हा वापरता येते, हे लोकांच्या लवकरच लक्षात आले. म्हणून १८४१ मध्ये तिकीट लाल झाले आणि शिक्का काळा. सरकार आणि नागरिक यांच्यातला हा छोटासा डाव दोन तिकिटे शेजारी ठेवली की आजही डोळ्यांना दिसतो. पेनी ब्लॅक दुर्मीळ असेल असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात ती सुमारे ६ कोटी ८० लाख छापली गेली आणि पुष्कळ शिल्लक आहेत. महाग आहे ती तिच्या पहिलेपणामुळे, तुटवड्यामुळे नव्हे.

आपल्या उपखंडात पहिले पाऊल सिंध प्रांताने टाकले. तेथील आयुक्त बार्टल फ्रिअर यांच्या पुढाकाराने १८५२ मध्ये ‘सिंध डाक’ हे अर्ध्या आण्याचे तिकीट निघाले. आशियातील हे पहिले तिकीट. सुरुवातीचे लाल तिकीट लाखेच्या चकतीसारखे ठिसूळ होते, हाताळताना तुटे. मग पांढरे आणि निळे आले. १ ऑक्टोबर १८५४ पासून संपूर्ण ब्रिटिश हिंदुस्थानासाठी एकच दर लागू झाला : पाव तोळा वजनापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा, मग अंतर कितीही असो. पेशावरहून मद्रासला आणि मुंबईहून ठाण्याला तोच दर. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी येथे क्षणभर थांबावे. जवळच्या पत्राने दूरच्या पत्राचा खर्च उचलायचा, ही एक सामाजिक निवड होती.

मात्र हे सगळे देशाच्या हद्दीपुरते होते. परदेशी पत्रासाठी प्रत्येक दोन देशांत वेगळा करार, वेगळा दर, वाटेतल्या देशांचा वेगळा हिशोब. ही गुंतागुंत सोडवण्यासाठी ९ ऑक्टोबर १८७४ रोजी स्वित्झर्लंडमधील बर्न येथे करार झाला आणि त्यातून पुढे जागतिक टपाल संघ उभा राहिला. भारत १८७६ मध्ये त्यात सामील झाला. तत्त्व सोपे होते. सर्व सदस्य देश मिळून टपालापुरता एकच प्रदेश समजायचा. तिकीट ज्या देशाने विकले त्याने पैसे ठेवायचे, आणि बाकीच्यांनी ते तिकीट मानून पत्र घरापर्यंत पोहोचवायचे. प्रत्येक पत्राला साधारण एक उत्तर येते, म्हणून हिशोब आपोआप जुळेल, हा त्यामागचा विश्वास. आज तुमच्या हाती ब्राझीलचे किंवा फिनलंडचे शिक्का मारलेले तिकीट येते ते याच व्यवस्थेमुळे. एका सरकारने दिलेली पावती दुसरे सरकार निमूटपणे मान्य करते, असे इतर किती कागदांबाबत घडते? नोटेबाबत घडत नाही आणि व्हिसाबाबत तर नाहीच.

जाता जाता एक गोष्ट. १९०० च्या आसपासची वेगवेगळ्या देशांची तिकिटे पाहिली तर हिरवी, लाल आणि निळी तिकिटे फार दिसतात. हा योगायोग नाही. छापील मजकूर, पोस्टकार्ड आणि परदेशी पत्र यांच्या तिकिटांसाठी अनुक्रमे हे तीन रंग वापरावेत असे टपाल संघाने सुचवले होते. परदेशातल्या कारकुनाला भाषा येत नसली तरी रंग कळतो.

देशाचे नाव आणि देशाचा चेहरा

नवखा संग्राहक पहिल्यांदा अडतो तो देशाच्या नावाशी. ‘हेल्वेशिया’ हा देश नकाशात सापडत नाही. तो स्वित्झर्लंड. त्या देशाच्या चार भाषा आहेत. त्यांतल्या कोणत्याही एका भाषेतले नाव छापले तर इतर तिघी रुसतील, म्हणून तिकिटावर लॅटिन नाव आले. ‘मॅग्यार’ म्हणजे हंगेरी, ‘सुओमी’ म्हणजे फिनलंड, ‘हेलास’ म्हणजे ग्रीस, ‘एस्ती’ म्हणजे एस्टोनिया, ‘ह्र्वात्स्का’ म्हणजे क्रोएशिया. ही त्या लोकांची स्वतःसाठीची नावे आहेत. आपण वापरतो ती बहुतेक इंग्रजीतून आलेली. जग स्वतःला काय म्हणते, हे तिकिटांइतके सहज दुसरे कोणी शिकवत नाही.

ब्रिटनच्या तिकिटावर मात्र देशाचे नावच नसते. पहिले तिकीट त्यांचे, तेव्हा जगात दुसरे कोणाचे तिकीटच नव्हते. नावाऐवजी राणीचा किंवा राजाचा चेहरा, ही प्रथा आजतागायत चालू आहे. या प्रथेमुळे १९६९ मध्ये एक विलक्षण तिकीट जन्माला आले. गांधीजींच्या जन्मशताब्दीनिमित्त ब्रिटनने १ शिलिंग ६ पेन्सचे तिकीट काढले. रचनाकार होते इंग्लंडमध्ये राहणारे बंगाली चित्रकार बिमान मल्लिक. नियमाप्रमाणे त्यावर राणीच्या चेहऱ्याची छोटी आकृतीही आहे. ज्या साम्राज्याविरुद्ध गांधीजी आयुष्यभर लढले त्याच राजघराण्याची खूण आणि गांधीजी एकाच चौकटीत. मल्लिक यांचे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

कोणाचा चेहरा छापायचा, हा प्रत्येक देशाचा राजकीय निर्णय असतो. स्वतंत्र भारताचे पहिले तिकीट २१ नोव्हेंबर १९४७ चे. किंमत साडेतीन आणे, चित्र तिरंग्याचे, वर ‘जय हिन्द’. त्या नव्या देशाने व्यक्तीऐवजी ध्वज निवडला. पुढच्या वर्षी १५ ऑगस्टला गांधीजींची चार तिकिटे आली. ती स्वित्झर्लंडमध्ये छापलेली होती आणि त्यांवर ‘बापू’ हा शब्द हिंदी आणि उर्दू अशा दोन लिप्यांत होता. फाळणीला एकच वर्ष झाले होते. त्या दोन लिप्या शेजारी शेजारी ठेवण्याचा निर्णय आपोआप झाला असेल असे मला वाटत नाही. हयात व्यक्तीला तिकिटावर आणण्याबाबत बहुतेक देश कचरतात. भारताने १८ एप्रिल १९५८ रोजी धोंडो केशव कर्वे यांचे तिकीट काढले, त्या दिवशी अण्णांना शंभर वर्षे पूर्ण झाली होती आणि ते हयात होते. स्वतंत्र भारताच्या तिकिटावर हयातीत आलेली ती पहिली व्यक्ती. राजा नव्हे, मंत्री नव्हे, विधवांच्या शिक्षणासाठी झटलेला एक शिक्षक.

नकाशांची तिकिटे मात्र धोक्याची. दक्षिण अमेरिकेतील चाको हा प्रदेश बोलिव्हिया आणि पॅराग्वे दोघेही आपला म्हणत. दोघांनीही तो आपल्या हद्दीत दाखवणारी तिकिटे काढली. १९३२ ते १९३५ या काळात त्याच प्रदेशासाठी दोघांत रक्तरंजित युद्ध झाले. तिकिटांमुळे युद्ध झाले असे नाही, पण शेजारी देशाचा दावा आपल्याच देशातल्या घराघरांत पाकिटावर चिकटून येतो, हे कोणत्याही सरकारला सहन होणे कठीण.

तिकिटाचा वापर पुरावा म्हणूनही झाला आहे. निकाराग्वाने १९०० मध्ये मोमोटोंबो या ज्वालामुखीचे तिकीट काढले. धुमसणारे शिखर हा त्यांच्या अभिमानाचा विषय होता. दोन वर्षांनी अमेरिकेच्या सिनेटमध्ये वाद चालू होता : दोन महासागर जोडणारा कालवा निकाराग्वातून खणायचा की पनामातून? मे १९०२ मध्ये मार्टिनिक बेटावर ज्वालामुखीचा उद्रेक होऊन हजारो माणसे मेली होती, तेव्हा ज्वालामुखी या शब्दालाच धार आली होती. पनामाच्या बाजूचे फिलिप ब्युनो-व्हारिला यांनी ती निकाराग्वाची तिकिटे मिळवून सिनेटरांना पाठवली. पाहा, त्यांचे सरकारच सांगते आहे की ज्वालामुखी जागा आहे! जून १९०२ मध्ये सिनेटने पनामाच्या बाजूने कौल दिला. एका तिकिटाने कालवा हलवला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, कारण पैसा, अभियांत्रिकी आणि राजकारण यांचाही त्यात वाटा होता. तरी सरकारने अभिमानाने छापलेले चित्र त्याच्याच विरुद्ध साक्ष देऊ शकते, हे ध्यानात घ्यावे.

१९७१ : दोन तिकिटांतले एक वर्ष

आता एक उदाहरण जरा सावकाश पाहू, कारण ते आपल्या अगदी जवळचे आहे.

मार्च १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानात लष्कराने कत्तल सुरू केली. एप्रिलमध्ये बांगलादेशाचे हंगामी सरकार स्थापन झाले. त्याचे कामकाज प्रामुख्याने कोलकात्यातून चाले. जगातल्या एकाही देशाने त्याला मान्यता दिली नव्हती. त्याच्याजवळ राजधानी नव्हती, स्वतःचे चलन नव्हते. अशा सरकारने २९ जुलै १९७१ रोजी आठ टपाल तिकिटे प्रसिद्ध केली.

ती तिकिटे घडवून आणण्यात ब्रिटिश खासदार जॉन स्टोनहाउस यांचा हात होता. ते पूर्वी ब्रिटनचे पोस्टमास्टर जनरल होते. त्यांनी रचनेसाठी गाठले ते बिमान मल्लिक यांना, गांधीजींच्या तिकिटाचे चित्रकार. आठ तिकिटांवर काय आहे ते क्रमाने वाचा. १० पैशांवर देशाचा नकाशा. २० पैशांवर ढाका विद्यापीठातील हत्याकांड. ५० पैशांवर साडेसात कोटी लोकसंख्या. १ रुपयावर ध्वज. २ रुपयांवर तुटणारी साखळी. ३ रुपयांवर १९७० च्या निवडणुकीचा निकाल, १६९ पैकी १६७ जागा. ५ रुपयांवर शेख मुजीबुर रहमान, जे त्या वेळी पश्चिम पाकिस्तानच्या तुरुंगात होते. १० रुपयांवर बांगलादेशाला पाठिंबा देण्याचे आवाहन.

हे आठ तुकडे ओळीने ठेवले तर एखाद्या वकिलाचा युक्तिवाद वाटतो. राज्य म्हणजे काय, याची राज्यशास्त्रातील व्याख्या आठवा : भूभाग, लोकसंख्या, शासन, सार्वभौमत्व. पहिल्या तिकिटावर भूभाग, तिसऱ्यावर लोकसंख्या, सहाव्यावर लोकांनी दिलेला कौल, सातव्यावर नेता. व्याख्येतील प्रत्येक मुद्द्याला एक तिकीट, आणि मधे दुसरे तिकीट कारण सांगते. पूर्ण संचाची किंमत २१ रुपये ८० पैसे होती. आणखी एक बारीक गोष्ट पाहा. किंमत रुपयांत आहे. ज्या देशापासून ही माणसे फुटून निघत होती त्याच देशाचे चलन अजून त्यांच्या तिकिटावर होते. टका पुढच्या वर्षी आला.

ही तिकिटे टपालासाठी किती वापरली गेली? मुक्त झालेल्या भागातील काही टपाल ठाण्यांत वापरली गेली, पण बहुतेक जगभरातील संग्राहकांकडे आणि पाठिराख्यांकडे गेली. म्हणजे येथे पहिला आवाज मोठा आहे, दुसरा क्षीण. अजून न झालेल्या देशाने आधी पावती छापली आणि मग देश झाला.

आता त्याच वर्षाचे दुसरे तिकीट. सुमारे १ कोटी निर्वासित भारतात आले होते. त्यांच्या खर्चासाठी सरकारने १५ नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर ५ पैशांचे जादा तिकीट लावणे सक्तीचे केले. नवे तिकीट छापायला वेळ नव्हता, म्हणून कुटुंबनियोजनाच्या चालू ५ पैशांच्या तिकिटावर निर्वासित साहाय्याचे शब्द वरून छापले. काही ठिकाणी तेवढाही साठा पोहोचला नव्हता, तेथे स्थानिक ठसे मारून काम भागवले. सुखी छोट्या कुटुंबाचे चित्र आणि त्यावर निर्वासितांचा शिक्का : हा मेळ कोणी योजलेला नव्हता, घाईने झाला होता. डिसेंबरच्या सुरुवातीला निर्वासितांचे चित्र असलेले वेगळे तिकीट आले. हा अधिभार मार्च १९७३ पर्यंत चालू होता.

हे तिकीट दुर्मीळ नाही. व्यापाऱ्याकडे ते अगदी स्वस्तात मिळते, आणि तुमच्या घरी आजोबांची जुनी पत्रे असतील तर कदाचित तेथेही आहे. रत्नागिरी, इंदूर, हैदराबाद, तंजावर, जोरहाट, कोणत्याही गावचा शिक्का त्यावर असू शकतो. लग्नाची बोलणी करणाऱ्या, नोकरीचा अर्ज पाठवणाऱ्या, मनीऑर्डर पोहोचल्याचे कळवणाऱ्या माणसाने प्रत्येक वेळी पाच पैसे एका अनोळखी निर्वासितासाठी दिले, याची ती पावती आहे. पहिल्या आठ तिकिटांत चित्र बोलते, येथे शिक्का बोलतो. दोन्ही एकाच पानावर लावली तर १९७१ वरचा एक बरा प्रबंध होईल.

मुक्तीनंतरची तिकिटेही पाहण्यासारखी आहेत. नव्या देशाच्या टपाल कचेऱ्यांत पाकिस्तानी तिकिटांचे साठे पडून होते. ठिकठिकाणच्या कचेऱ्यांनी रबरी शिक्के करून त्यांवर ‘बांगलादेश’ उमटवले आणि तीच विकली. असे असंख्य प्रकार आढळतात. रबरी शिक्का कोणालाही करता येतो, त्यामुळे बनावट प्रकारही पुष्कळ आहेत. नवख्याने यांच्यापासून चार हात दूर राहावे.

शिक्का खोटा पडतो तेव्हा

वापरलेल्या तिकिटापेक्षा कोरे तिकीट महाग, असा सर्वसाधारण समज आहे. १९२३ मधल्या जर्मनीने तो उलटा केला. चलनवाढ इतक्या वेगाने झाली की टपाल खात्याला जुन्या तिकिटांवर नव्या किमती छापाव्या लागल्या, मग त्यांवरही नव्या. अखेर ५० अब्ज मार्कांचे तिकीट निघाले. नोव्हेंबर १९२३ मध्ये नवी चलनव्यवस्था आली आणि डिसेंबरपासून तिकिटाची किंमत पुन्हा फेनिगवर उतरली. न विकली गेलेली कोरी तिकिटे गठ्ठ्यांनी उरली. पण त्या काही दिवसांत खरोखर पत्रावर लागलेली तिकिटे थोडी. म्हणून यांतल्या अनेक तिकिटांबाबत कोरे तिकीट कवडीमोल आणि खरा शिक्का असलेले मौल्यवान. साहजिकच खोटे शिक्के मारणारे निघाले, आणि ते ओळखणारे तज्ज्ञही. चलनवाढीवरचे प्रकरण पाठ्यपुस्तकात वाचताना आकडे डोक्यावरून जातात. चार अब्जांची बेरीज करून पाकिटाची मागची बाजू तिकिटांनी भरलेली पाहिली की तोच विषय कळतो.

याच्या अगदी उलट प्रकार १९६० च्या दशकात आखाताच्या किनाऱ्यावर घडला. अजमान, शारजा, फुजैरा, उम्म अल-क्वैन ही तेव्हा छोटी अमिरात राज्ये होती. तेलाचा पैसा अजून त्यांच्यापर्यंत पोहोचला नव्हता. परदेशी व्यापाऱ्यांनी त्यांच्याशी करार केले आणि त्यांच्या नावाने तिकिटांचा पूर आणला. अंतराळवीर, ऑलिंपिक, युरोपीय चित्रकारांच्या कलाकृती, मांजरे, मोटारी. त्या वाळवंटी गावांशी यांतल्या कशाचाही संबंध नव्हता. तिकिटे छापखान्यातच शिक्का मारून थेट संग्राहकांच्या पाकिटांत भरली जात. संग्राहकांनी त्यांना ‘वाळूच्या टेकड्या’ असे नाव दिले. १९७१-७२ मध्ये ही राज्ये संयुक्त अरब अमिराती म्हणून एकत्र आली आणि हा धंदा आटोपला.

जगभरची शंभर तिकिटे स्वस्तात, अशी पाकिटे दुकानात मिळतात. त्यांत ही हमखास असतात. ओळखायची कशी? तिकीट उलटे करा. वरती नीटनेटका, कोपऱ्यातला शिक्का आणि मागे डिंक जसाच्या तसा, असे असेल तर ते तिकीट कधीच पत्रावर लागलेले नाही. म्हणजे दुसरा आवाज खोटा आहे. लहान मुलाला पक्षी आणि मोटारी आवडतात म्हणून ती जमवायला हरकत नाही. मात्र त्यावरून त्या देशाविषयी काही निष्कर्ष काढू नये.

भूतानचे उदाहरण या दोहोंच्या मधले आहे, आणि मला ते आवडते. त्या देशाची तिकिटे १९६२ पासून निघू लागली. बर्ट टॉड या अमेरिकन उद्योजकाच्या कल्पनेतून तेथे नवनवे प्रकार आले : त्रिमितीय चित्रांची तिकिटे, रेशमावर छापलेली, पोलादाच्या पातळ पत्र्याची, गुलाबाचा वास येणारी. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तर चक्क ग्रामोफोनवर वाजणारी छोटी तबकडी तिकीट म्हणून निघाली, तीत भूतानची लोकगीते आणि देशाची माहिती होती. हेतू परकीय चलन मिळवण्याचाच होता. तरी अजमानच्या तिकिटात अजमान नाही आणि भूतानच्या तबकडीत भूतान आहे.

किंमत

तिकिटांविषयीच्या बातम्या येतात त्या बहुधा लिलावांच्या. ब्रिटिश गियानाचे १८५६ चे एक सेंटचे किरमिजी तिकीट १८७३ मध्ये एका बारा वर्षांच्या मुलाला घरच्या जुन्या कागदांत सापडले. त्याने ते काही शिलिंगांना विकले. २०१४ मध्ये ते सुमारे ९५ लाख डॉलरना गेले, २०२१ मध्ये सुमारे ८३ लाखांना. जगात त्याची ज्ञात प्रत एकच आहे. अमेरिकेचे १९१८ चे २४ सेंटचे तिकीट विमान उलटे छापल्यामुळे प्रसिद्ध झाले, असा शंभर तिकिटांचा एकच कागद बाहेर आला. आपल्याकडे १८५४ च्या चार आण्यांच्या तिकिटावर राणी व्हिक्टोरियाचे डोके उलटे छापले गेले, त्याच्या मोजक्याच प्रती उरल्या आहेत. चौकट आणि डोके वेगवेगळ्या रंगांत, दोन वेळा कागद घालून छापत. एकदा कागद फिरला आणि चूक झाली.

या कथा खऱ्या आहेत, पण २०१४ चा आणि २०२१ चा आकडा शेजारी ठेवून पाहा. जगातले सर्वांत प्रसिद्ध तिकीटही सात वर्षांत स्वस्त झाले. बाकीच्या बहुतेक तिकिटांची किंमत दोन-पाच रुपयांच्या पुढे जात नाही. सरकारे आज संग्राहकांसाठी लाखोंनी तिकिटे छापतात. ती सगळे जपून ठेवतात, म्हणून ती कधी दुर्मीळ होणार नाहीत. गुंतवणूक म्हणून तिकिटे घेऊ नका असेच मी सांगेन. या छंदाला ‘फिलाटेली’ हे नाव एका फ्रेंच संग्राहकाने १८६४ मध्ये ग्रीक शब्द जोडून दिले. त्यातील दुसऱ्या शब्दाचा अर्थ ‘करमुक्त’ असा आहे : आता आणखी काही देणे लागत नाही. नावातही पावतीच आहे.

सुरुवात कशी करावी

‘सगळे जग’ जमवायला निघालात तर दोन वर्षांत गोंधळ होईल. एक प्रश्न घ्या आणि त्याभोवती जमवा. नाहीसे झालेले देश हा चांगला विषय आहे. आपल्याच उपखंडात तो भरपूर आहे. हैदराबाद, त्रावणकोर, बुंदी या संस्थानांची स्वतःची तिकिटे होती. पतियाळा आणि ग्वाल्हेर यांच्यासाठी ब्रिटिश हिंदुस्थानच्या तिकिटांवर संस्थानाचे नाव वरून छापत. गोवा, दमण आणि दीव येथे १८७१ पासून पोर्तुगीज राजवटीची वेगळी तिकिटे चालत, ती डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावर थांबली. बाहेर पाहायचे तर नायजेरियातून फुटून निघालेल्या बियाफ्राने १९६८ मध्ये स्वतःची तिकिटे काढली आणि १९७० मध्ये तो देशच उरला नाही. बियाफ्राची आणि बांगलादेशाची तिकिटे समोरासमोर ठेवून पाहा. दोघांचे म्हणणे जवळजवळ सारखेच आहे. निकाल वेगळा लागला.

साहित्य फार लागत नाही. टोके चपटी असलेला चिमटा, एक भिंग, एक स्टॉकबुक. हाताने तिकीट उचलू नये, बोटांचा घाम कागदात उतरतो. पाकिटावरचे तिकीट कागदासकट कापून कोमट पाण्यात ठेवावे. थोड्या वेळाने ते आपोआप सुटते, ओढू नये. मग पालथे घालून टिपकागदावर वाळवावे. अलीकडची स्वयंचिकट तिकिटे पाण्यात बहुधा सुटत नाहीत, ती भोवती कागदाची पट्टी ठेवून कापावीत. सेलोटेप कधीही लावू नये. आपल्या पावसाळ्यात कोऱ्या तिकिटांचा डिंक ओलसर होऊन ती एकमेकांना चिकटतात, तेव्हा त्यांच्यामध्ये बटर पेपर घालावा आणि अल्बम आडवे रचण्याऐवजी उभे ठेवावेत. जुने पाकीट पूर्ण मिळाले तर तिकीट सोडवूच नये. पत्ता, शिक्का, वाटेतले आणि पोहोचल्याचे शिक्के मिळूनच ते कागदपत्र बनते.

मोठ्या शहरांतील मुख्य टपाल कार्यालयांत फिलाटेली ब्युरो असतो, तेथे नवी भारतीय तिकिटे मिळतात. दिल्लीत डाक भवनात राष्ट्रीय फिलाटेली संग्रहालय आहे. परदेशी तिकिटांसाठी उत्तम उपाय म्हणजे परदेशी पत्रमित्र. २००५ मध्ये पोर्तुगालमध्ये सुरू झालेल्या ‘पोस्टक्रॉसिंग’ या उपक्रमातून अनोळखी माणसांना पोस्टकार्डे पाठवता येतात आणि तितकीच येतात. त्यांवरची तिकिटे खरा प्रवास केलेली असतात.

स्वाध्याय म्हणून एकच तिकीट घ्या, शिक्का असलेले. भिंगाखाली धरून वहीत पुढील गोष्टी लिहा : देशाने आपले नाव कोणत्या भाषेत आणि किती लिप्यांत लिहिले आहे, चित्र कोणाचे आहे आणि त्याच जागी कोण असू शकले असते, किंमत कोणत्या चलनात आहे आणि ती वरून बदललेली आहे का, शिक्क्यातले गाव कोणते, तारीख कोणती, आणि त्या तारखेला त्या गावात काय चालले होते. शेवटच्या प्रश्नासाठी ग्रंथालयात जावे लागेल. शिक्का अर्धवट असेल तर गावाच्या नावाची चार अक्षरे घेऊन नकाशात शोधा. यात एक संध्याकाळ सहज जाते.